हिशेबनिसाच्या हातचा सूर

इलेक्ट्रिक गिटार म्हटले की जगभर ज्याचे नाव आधी घेतले जाते, त्या माणसाला आयुष्यभर गिटार वाजवता आली नाही. वाजवणे दूरच, ती सुरात लावणेही त्याला जमत नसे. लहानपणी तो थोडा पियानो शिकला, थोडा सॅक्सोफोन शिकला आणि मग दोन्ही सोडून रेडिओची आतडी काढत बसला. शिक्षण म्हणाल तर हिशेबनिसीचे. इलेक्ट्रॉनिक्सच्या एकाही वर्गात त्याने कधी पाऊल टाकले नाही. या गृहस्थाचे नाव क्लॅरन्स लिओनिडास फेंडर. जग त्याला लिओ फेंडर म्हणून ओळखते.

मी तीसएक वर्षे बँकेत काढली. खतावणी लिहिणाऱ्या माणसाच्या हातून काही नवे घडत नाही, असा आपल्याकडे एक पक्का समज आहे. कादंबऱ्या लिहू लागलो तेव्हा भल्याभल्यांच्या चेहऱ्यावर तो मी वाचला आहे. त्यामुळे जमाखर्चाच्या टेबलावरून उठून ज्याने अर्ध्या जगाच्या संगीताचा आवाज बदलला, त्या लिओबद्दल मला पहिल्यापासून जिव्हाळा. पण आज त्याच्याबद्दल लिहावेसे वाटले त्याचे कारण वेगळे आहे. लिओने पन्नास-साठच्या दशकांत बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये काचेचे व्हॉल्व्ह असत. ते व्हॉल्व्ह जळणार, बदलावे लागणार, हे तेव्हाही सर्वांना ठाऊक होते. आज मात्र त्याच काळातले जुने व्हॉल्व्ह मिळावेत म्हणून माणसे देशोदेशीचे जुने बाजार पालथे घालतात आणि एका नगासाठी नव्या व्हॉल्व्हच्या कितीतरी पट पैसे मोजतात. ज्या वस्तूवर कोणताही हिशेबनीस डोळे मिटून घसारा लावेल, तिची किंमत साठ वर्षांनी वाढावी, ही गोष्ट माझ्यासारख्याला स्वस्थ बसू देणार नाही हे उघड आहे.

लिओचा जन्म १० ऑगस्ट १९०९ चा, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमजवळचा. आईवडिलांची संत्र्याची बाग होती. आठव्या वर्षी त्याच्या डाव्या डोळ्यात गाठ झाली, डोळा काढावा लागला आणि त्या जागी काचेचा डोळा आला. या डोळ्यामुळेच पुढे दुसऱ्या महायुद्धात त्याला सैन्यात घेतले नाही. चौदाव्या वर्षी, मोटारींच्या विजेची कामे करणाऱ्या त्याच्या एका नातलगाने त्याला एक खोके पाठवले. त्यात मोडीत निघालेले सुटे भाग आणि एक बॅटरी होती. पुढच्या वर्षी तो त्या नातलगाच्या दुकानात गेला. तिथे सुट्या भागांतून जोडलेला एक रेडिओ मोठ्याने वाजत होता. तो आवाज त्याच्या डोक्यात बसला तो कायमचा. घरी परतल्यावर त्याने शाळकरी वयातच लोकांचे रेडिओ दुरुस्त करायला सुरुवात केली.

त्या रेडिओचा जीव म्हणजे व्हॉल्व्ह. माझ्या पिढीला तो आठवत असेल. कळ फिरवली की रेडिओ लगेच बोलत नसे. आधी मागच्या भोकांतून तांबूस उजेड दिसायचा, मग थोडी खरखर, आणि मग कुठे निवेदकाचा आवाज. तेवढा वेळ व्हॉल्व्ह तापण्यात जाई. काचेच्या नळीतली हवा काढून घेतलेली असते. आत एक तार तापते, तिच्यामुळे तापलेल्या पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या धातूच्या पत्र्याकडे धावतात. १९०६ साली ली डी फॉरेस्ट या अमेरिकनाने या दोहोंच्या मध्ये तिसरा भाग बसवला. त्याला जाळी म्हणू. जाळीला दिलेल्या अगदी क्षीण विद्युत्-लहरीने इलेक्ट्रॉनांचा मोठा लोंढा कमीजास्त करता येऊ लागला. पाटाच्या दारावर ठेवलेल्या एका बोटाने सगळ्या शेताचे पाणी सांभाळावे, तसाच हा प्रकार. क्षीण आवाज मोठा करण्याची विद्या यातून जन्माला आली.

इतके सगळे आवडत असूनही लिओने कॉलेजात हिशेबनिसी घेतली. शिक्षण संपल्यावर एका बर्फाच्या कंपनीत आधी माल पोचवण्याचे आणि मग वह्या लिहिण्याचे काम केले. फावल्या वेळात एका वाद्यवृंदाच्या प्रमुखासाठी ध्वनिवर्धक बांधून दिले. १९३४ मध्ये एस्थरशी लग्न झाले, राज्याच्या रस्ते खात्यात हिशेबनिसाची नोकरी मिळाली. मंदीचे दिवस होते. ती नोकरी गेली. मग एका टायर कंपनीत लागला, तिथूनही सहा महिन्यांत इतर हिशेबनिसांबरोबर घरी बसला. वय एकोणतिशीला टेकलेले आणि हातात काही नाही. अशा वेळी, १९३८ साली, त्याने सहाशे डॉलर उसने घेतले आणि फुलर्टन या आपल्या गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान टाकले.

कर्जाचे अर्ज तपासण्यात माझी उमेद गेली. लिओचा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर काय दिसले असते? दोन नोकऱ्या गेलेला, एक डोळा अधू, तांत्रिक शिक्षणाचा कागद नाही, तारण नाही. नियमाच्या पुस्तकात हे प्रकरण बसत नाही. पण अर्जाच्या कागदावर न दिसणारी एक गोष्ट त्याच्यापाशी होती. दुरुस्ती करणाऱ्याला वस्तू कुठे मोडते ते कळते. नवी वस्तू बनवणारा तिचा पहिला दिवस पाहतो, दुरुस्ती करणारा तिचे म्हातारपण पाहतो. लिओचे सगळे पुढचे आयुष्य या एका गोष्टीवर उभे राहिले.

दुकानात रेडिओ येत, तबकड्या विकल्या जात, आणि हळूहळू गावातले वादक आपापली यंत्रे घेऊन येऊ लागले. तेव्हाचे अ‍ॅम्प्लिफायर नाजूक असत. रात्री नाचगाण्याच्या हॉलमध्ये वाजवायचे, मग गाडीत टाकून पुढच्या गावी न्यायचे, या धबडग्यात ते टिकत नसत. लिओ ते उघडून पाही आणि काय निकामी झाले याची मनाशी नोंद करी. डॉक कॉफमन या वादक-कारागिराबरोबर त्याने मांडीवर ठेवून वाजवायची गिटार आणि तिचे अ‍ॅम्प्लिफायर बनवण्याचा उद्योग सुरू केला. १९४६ मध्ये कॉफमन बाजूला झाला आणि लिओने धंदा स्वतःच्या नावाने पुढे चालवला.

तिथून पुढची दहा वर्षे विलक्षण आहेत. १९५० साली एकसंध लाकडाची गिटार बाजारात आली. तिचे पहिले नाव दुसऱ्या कंपनीच्या ढोलांच्या नावाशी जुळत असल्याने बदलावे लागले आणि १९५१ पासून ती ‘टेलिकास्टर’ झाली. त्याच वर्षी त्याने ‘प्रिसिजन बास’ काढला. माणसाएवढे उंच बास वाद्य पाठीवर वाहणाऱ्यांची त्यातून सुटका झाली. १९५४ मध्ये ‘स्ट्रॅटोकास्टर’ आली. या गिटारींची मान तोवरच्या रिवाजाप्रमाणे सरसाने कायमची चिकटवलेली नव्हती, स्क्रूंनी जोडलेली होती. मान खराब झाली तर चार स्क्रू काढा, दुसरी बसवा. जुन्या वाद्यकारांना हा सुतारकामातला आडदांडपणा वाटला. पण रात्रीच्या कमाईवर पोट असलेल्या वादकाला त्यात उपकार दिसला.

अ‍ॅम्प्लिफायरमध्येही तेच. लाकडी पेटी, तिला प्रवासी बॅगांना लावतात तसले जाड कापड चिकटवलेले. मागची फळी स्क्रूंवर. ती काढली की व्हॉल्व्ह आपापल्या खाचेत उलटे लटकलेले समोर दिसतात. पेटीच्या आतल्या बाजूला एक छापील कागद डकवलेला असे आणि कोणत्या खाचेत कोणत्या क्रमांकाचा व्हॉल्व्ह लावायचा हे त्यावर लिहिलेले असे. वादकाला इलेक्ट्रॉनिक्स येण्याची गरज नव्हती. कागद वाचायचा, विझलेला व्हॉल्व्ह थंड झाल्यावर उपसायचा आणि दुकानातून तोच क्रमांक आणून खोचायचा. आतली जोडणीही एका सपाट पट्टीवर सुटसुटीत मांडलेली. प्रत्येक तार कुठून कुठे जाते ते सरळ दिसते. चांगल्या हिशेबाच्या वहीसारखेच हे काम आहे. वही लिहिणारा उद्या नसला तरी पुढच्याला ती वाचता आली पाहिजे.

आणि व्हॉल्व्ह तरी कोणते? खास गिटारसाठी बनवलेले एकही नव्हते. बाजारात मुबलक आणि स्वस्त मिळणारे तेच त्याने घेतले. ६एल६ हा आरसीए कंपनीने १९३६ मध्ये काढलेला, ध्वनिवर्धकांत सर्रास वापरला जाणारा. ६व्ही६ हा घरगुती रेडिओतला. १२एएक्स७ हा सुरुवातीचा क्षीण आवाज उचलणारा, बोटाएवढा छोटा. ‘चॅम्प’ या त्याच्या सर्वांत लहान अ‍ॅम्प्लिफायरमध्ये अवघे तीन व्हॉल्व्ह होते. ‘ट्विन रिव्हर्ब’मध्ये नुसते ६एल६च चार. गावोगावच्या रेडिओच्या दुकानांत हे क्रमांक मिळत, म्हणून लिओने ते निवडले.

आता यातली मोठी गंमत सांगतो. लिओला हवा होता स्वच्छ आवाज. त्याला खेड्यांकडचे साधे अमेरिकन संगीत आवडे. घंटेसारखा खणखणीत स्वर निघावा म्हणून तो आयुष्यभर झटला. पण व्हॉल्व्हला त्याच्या कुवतीपलीकडे रेटले की तो एकदम तुटत नाही. त्याच्यातून निघणाऱ्या लहरीचे शेंडे हळूहळू बोथट होतात, स्वरात नवे उपस्वर मिसळतात आणि आवाजाला एक रांगडी धार येते. लिओच्या दृष्टीने हा दोष होता. तरुण वादकांना मात्र तोच दोष हवासा झाला. त्यांनी बटणे शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवली आणि रॉक संगीताला त्याचा आवाज मिळाला. बास गिटारसाठी बनवलेला ‘बासमन’ हा अ‍ॅम्प्लिफायर साध्या गिटारवाल्यांनीच जास्त उचलला. १९६२ साली लंडनमध्ये जिम मार्शल या ढोलांच्या दुकानदाराने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याच ‘बासमन’ची आखणी समोर ठेवून आपला पहिला अ‍ॅम्प्लिफायर बांधला. पुढे मैफली गाजवणाऱ्या ‘मार्शल’चे मूळ असे फुलर्टनमध्ये आहे.

लिओच्या आयुष्यातले वळण १९६५ चे. घशा-नाकाचा जंतुसंसर्ग त्याला वर्षानुवर्षे पिडत होता. आपण फार जगणार नाही असे त्याच्या मनाने घेतले. कारखाना वाढलेला, कामगार शेकड्यांनी आणि प्रकृती खचलेली. अशा मनःस्थितीत त्याने आपली कंपनी सीबीएस या नभोवाणी-दूरचित्रवाणीतल्या बड्या कंपनीला एक कोटी तीस लाख डॉलरना विकली. सहाशे डॉलर उसने घेऊन दुकान टाकल्याला तेव्हा सत्तावीस वर्षे झाली होती. त्यानंतर त्याने डॉक्टर बदलला, योग्य औषध मिळाले आणि तो ठणठणीत बरा झाला! विकलेली कंपनी मात्र परत येणार नव्हती. कंपनीबरोबर त्याने स्वतःचे आडनावही विकले होते. आपल्या हातच्या गिटारीवर ‘फेंडर’ लिहिण्याचा हक्क आता फेंडरलाच राहिला नाही.

नव्या मालकांच्या काळात मालाचा दर्जा घसरला, अशी वादकांची तक्रार सुरू झाली. विक्रीपूर्वीच्या मालाला ‘सीबीएसपूर्व’ म्हणून जास्त भाव मिळू लागला तो आजतागायत. आणि १९८५ मध्ये सीबीएसने ही कंपनी तिच्याच काही अधिकाऱ्यांना विकली, ती एक कोटी पंचवीस लाख डॉलरना. वीस वर्षांतली महागाई धरा आणि हे दोन आकडे शेजारी ठेवा. ताळेबंद वाचायला शिकवणाऱ्या पुस्तकात हे उदाहरण घालावे असे आहे. यंत्रे विकत घेता आली, जागा घेता आली, नाव घेता आले. दुकानात आलेल्या वादकाची तक्रार ऐकून रात्री पेटी उघडून बसणारा माणूस मात्र त्या यादीत नव्हता.

दरम्यान व्हॉल्व्हचे जगही बुडत चालले होते. ट्रान्झिस्टर आले. ते छोटे, स्वस्त, न तापणारे आणि क्षणात चालू होणारे. रेडिओ, दूरचित्रवाणी संच, गणकयंत्रे यांतून व्हॉल्व्ह हद्दपार झाले. अमेरिकेतली आरसीए, सिल्व्हेनिया, जनरल इलेक्ट्रिक, इंग्लंडमधली मुलार्ड, जर्मनीतली टेलिफंकन अशा नामांकित कंपन्यांनी एकामागून एक उत्पादन थांबवले. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले, तेही बंद झाले. गिटारवाल्यांनी मात्र व्हॉल्व्ह सोडला नाही. नवे व्हॉल्व्ह आजही रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात, आणि त्यांवर अ‍ॅम्प्लिफायर उत्तम चालतात. तरीही जुन्याची ओढ कायम आहे. जुन्या कारखान्यांत लाखोंच्या संख्येने माल निघे, सैन्याला आणि टेलिफोन खात्यांना तो पुरवला जाई, त्यामुळे तपासणी कडक असे आणि हात बसलेले असत. तो बसलेला हात कारखाना बंद पडला की विझतो आणि पुन्हा पेटवणे अवघड असते.

मग चांगला जुना व्हॉल्व्ह शोधावा कसा? बँकेत सोनेतारणावर कर्ज देताना आम्ही दागिन्याच्या डबीवरचे सराफाचे नाव कधी पाहिले नाही. मूल्यमापक दागिना कसोटीवर घासून पाहायचा, मगच आकडा सांगायचा. व्हॉल्व्हलाही हाच न्याय. काचेवरच्या नावावर विसंबू नये. त्या काळी कंपन्या एकमेकींकडून माल घेऊन आपला शिक्का मारत, आणि आता तर नकली शिक्के मारणारेही आहेत. जाणकार नावाऐवजी आतल्या पत्र्याची घडण, जाळीचे आधार, काचेवरच्या सूक्ष्म खुणा पाहतात. काचेच्या आतल्या बाजूला एक चंदेरी डाग असतो. उरलीसुरली हवा शोषून घेण्यासाठी तो मुद्दाम केलेला असतो. तो डाग पांढराफटक पडला असेल तर आत हवा शिरली, नळी मेली असे समजावे. खरी परीक्षा यंत्रावर होते. इलेक्ट्रॉनांचा प्रवाह किती उरला आहे, कुठे गळती आहे का, हे तपासनीस यंत्र सांगते. विकणारा हे आकडे देत नसेल तर तिथून उठावे.

आवाज उचलणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हवर, चालू अवस्थेत, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकेच टिचकी मारतात. पेटीतून घंटा वाजल्यासारखा आवाज आला तर आतले भाग सैल झाले आहेत, तो पहिल्या खाचेत लावू नये. पैसे खर्च करायचेच तर ते पहिल्या खाचेतल्या व्हॉल्व्हवर करावेत, कारण त्याचा गुणदोष पुढचे सगळे टप्पे मोठा करतात. शेवटचे ताकदीचे व्हॉल्व्ह जोडीने काम करतात, म्हणून ते जुळणारे घ्यावे लागतात. त्यांची झीजही लवकर होते. क्रमांकांची दोन गोत्रे आहेत, हेही ध्यानात ठेवावे. अमेरिकन १२एएक्स७ आणि युरोपियन ईसीसी८३ ही एकाच व्हॉल्व्हची दोन नावे. हे माहीत असलेल्याला जुन्या रेडिओत, निकालात काढलेल्या ध्वनिवर्धकात किंवा रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एखाद्या आजोबांच्या कपाटात चांगला माल सापडू शकतो. परदेशी विक्रेत्यांच्या याद्यांत आपल्या बंगळूरचेही व्हॉल्व्ह असतात. घरात तरुण मंडळी या नादात असतील तर एक गोष्ट मात्र बजावून ठेवावी. या पेट्यांत चारशे व्होल्टच्या घरातला दाब खेळतो आणि विजेची पिन काढल्यावरही तो आत काही काळ टिकून राहतो. व्हॉल्व्ह बदलणे वेगळे आणि आतल्या जोडणीत हात घालणे वेगळे. ते काम माहीतगारावरच सोपवावे.

लिओचे पुढे काय झाले? कराराने घातलेली स्पर्धाबंदी संपल्यावर तो पुन्हा कामाला लागला. सत्तरच्या दशकात ‘म्युझिक मॅन’ कंपनीसाठी त्याने गिटारी घडवल्या. १९७९ मध्ये एस्थर गेली. १९८० मध्ये त्याने दुसरे लग्न केले. जुना सहकारी जॉर्ज फुलर्टन याच्याबरोबर त्याने ‘जी अँड एल’ हा कारखाना काढला. तो फुलर्टन गावातल्या ज्या रस्त्यावर उभा राहिला त्या रस्त्याचे नाव फेंडर अ‍ॅव्हेन्यू. रस्त्यावर त्याचे नाव चालत होते, फक्त त्याच्या गिटारीवर नव्हते. कंपवाताने हात थरथरू लागले तरी तो रोज कामाच्या टेबलाशी येऊन बसे. २१ मार्च १९९१ रोजी तो वारला. आदल्या दिवशीही तो कारखान्यात गेला होता, असे त्याचे सहकारी सांगत. पैशाची ददात केव्हाच संपली होती. तरी आधीच्या गिटारीत काहीतरी सुधारायचे राहिले आहे, या भावनेने त्याचा पिच्छा सोडला नाही.

लिओने स्वतःला कलावंत म्हणवून घेतले नाही. आपल्या पेटीतला व्हॉल्व्ह जळेल, तार सुटेल, मान वाकेल, हे त्याने आधीच गृहीत धरले आणि दुसऱ्या कुणाला ते दुरुस्त करता येईल अशी सोय करून ठेवली. आपण मोडणार हे मान्य करून बांधलेल्या त्या पेट्या म्हणूनच साठ-सत्तर वर्षे टिकल्या, आणि जुन्या बाजारात व्हॉल्व्ह शोधत फिरणारी मंडळी त्यामुळेच आज त्यांत पुन्हा उजेड आणू शकतात. आपल्या घरातल्या किती नव्या वस्तूंची मागची फळी आपल्याला उघडता येते, ते एकदा मोजून पाहावे. लिओच्या कितीतरी पेट्यांत आतल्या बाजूला डकवलेला तो कागद अजून आहे. पिवळा पडला आहे, कडा फाटल्या आहेत, पण कोणत्या खाचेत काय लावायचे ते अजूनही वाचता येते.